जुनी गाडी, नवी गाडी आणि मधला मतदार

इंजिनातलं सगळं ऑइल काढायचं. ड्रेन प्लग परत घट्ट बसवायचा. मग ऑइल भरायच्या तोंडातून दोन लिटरच्या आसपास सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतायचं, ४० टक्के सिलिकेट आणि बाकी पाणी. गाडी चालू करून इंजिन साधारण २,००० आरपीएमवर धरून ठेवायचं. उष्णतेनं पाणी उडून जातं, बेअरिंगांवर काचेसारखा कडक थर धरतो आणि थोड्याच वेळात इंजिन जॅम होऊन बंद पडतं. तासभर गार होऊ द्यायचं, पूर्ण चार्ज बॅटरीवर पुन्हा स्टार्टर मारून बघायचा. इंजिन आयडलवर चाललंच, तर सगळं पहिल्यापासून.

ही कृती अमेरिकी सरकारनं २००९ साली देशभरच्या कार डीलरना नेमून दिली होती. त्या उन्हाळ्यात सुमारे ६ लाख ७७ हजार गाड्यांची इंजिनं अशी मारली गेली. त्यातली प्रत्येक गाडी चालू स्थितीत होती, कारण चालू असणं ही योजनेची अटच होती. योजनेचं सरकारी नाव लांबलचक होतं, पण सगळं जग तिला ‘कॅश फॉर क्लंकर्स’ म्हणून ओळखतं. जुनं खटारं द्या, नव्या गाडीवर ३,५०० किंवा ४,५०० डॉलर घ्या, असा तो सौदा.

जुन्या गाडीच्या बदल्यात सवलत देणारी योजना कुठल्याही देशाची असो, मंत्र्याच्या भाषणात तीन शब्द हमखास येतात: पर्यावरण, रोजगार, सुरक्षा. तिन्ही खरेच असू शकतात. पण पैसा कुणाकडे गेला हे कळायला अटींचा कागद हातात घ्यावा लागतो. नव्या गाडीला मायलेजची अट किती कडक आहे, जुन्या गाडीचं पुढे काय होतं, सवलतीचे पैसे नेमके कुणाच्या खात्यातून जातात, आणि योजनेची मुदत निवडणुकीच्या कुठल्या बाजूला पडते. एवढ्या चार गोष्टी बघितल्या की योजना कुणासाठी आहे ते उघड दिसतं.

अमेरिकेचा कागद आधी घेऊ. जुनी गाडी २५ वर्षांच्या आतली हवी, तिचं सरकारी नोंदीतलं मायलेज १८ मैल प्रति गॅलन किंवा त्याहून कमी हवं, म्हणजे आपल्या हिशेबानं लिटरला साडेसात-पावणेआठ किलोमीटर. किमान वर्षभर ती त्याच मालकाच्या नावावर असावी आणि विमा अखंड चालू असावा. नव्या गाडीची छापील किंमत ४५,००० डॉलरच्या वर नको. नवी कार किमान २२ मैलांची, म्हणजे लिटरला सव्वानऊ किलोमीटरच्या वर. जुन्या-नव्यात ४ ते ९ मैलांचा फरक असला तर ३,५०० डॉलर, १० किंवा जास्त असला तर ४,५००.

इथपर्यंत ठीक आहे. खरी गोष्ट पिकअप आणि एसयूव्हीच्या कलमांत आहे. एसयूव्ही आणि छोट्या पिकअपला २ मैलांच्या सुधारणेवर ३,५०० डॉलर मिळायचे. मोठ्या पिकअपला तर एका मैलावर. १४ मैलांचा ट्रक देऊन १५ मैलांचा घेतला की ३,५००, आणि १६ मैलांचा घेतला की ४,५००.

याचा हिशेब इंधनात करून बघा. वर्षाला २०,००० किलोमीटर धावणारी गाडी धरा. १८ मैलांची कार जाऊन २२ मैलांची आली, तर वर्षाला साधारण ४७५ लिटर पेट्रोल वाचतं. १४ मैलांचा ट्रक जाऊन १५ मैलांचा आला, तर २२५ लिटरच्या आसपास. सरकारी रक्कम मात्र दोन्हीकडे सारखी. पर्यावरण हा एकच हेतू असता, तर निम्म्या बचतीला तेवढेच पैसे देणारं कलम कुणी लिहिलं नसतं. हे कलम आलं कुठून, ते विधेयकाच्या वाटचालीत दिसतं. सिनेटर डायॅन फाइनस्टाइन आणि सुझन कॉलिन्स यांनी मायलेजच्या अटी कडक असलेला मसुदा मांडला होता. मंजूर झाला तो वाहन उद्योगाला मानवणारा मसुदा. प्रतिनिधिगृहात तो आणला ओहायोच्या बेटी सटन यांनी, सिनेटमध्ये पुढे होत्या मिशिगनच्या डेबी स्टॅबेनाऊ. दोन्ही राज्यं मोटार कारखान्यांची. क्रायस्लर एप्रिलअखेर दिवाळखोरीत गेली होती, जनरल मोटर्स १ जूनला. मोठ्या पिकअपवर डेट्रॉइटच्या मोटार कंपन्यांचा नफा उभा होता. अशा वेळी त्या राज्यांच्या प्रतिनिधींनी आपल्या कारखान्यांची बाजू घेतली, यात मला गैर वाटत नाही, मतदारांनी त्यांना त्यासाठीच पाठवलं होतं. गैर आहे ते त्या कलमाला पर्यावरणाचं नाव देणं.

शेवटी ही तरतूद इराक-अफगाणिस्तान युद्धखर्चाच्या पुरवणी विधेयकात घातली गेली आणि २४ जून २००९ रोजी त्यावर राष्ट्राध्यक्ष ओबामांची सही झाली. युद्धावरच्या सैनिकांच्या पैशाविरुद्ध मत देणं खासदाराला अवघड असतं, हे विधेयक बांधणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

डीलरच्या काउंटरवर काय होत होतं तेही महत्त्वाचं आहे, कारण अशा योजना तिथंच अडकतात. सवलत ग्राहकाला आधी द्यायची ती डीलरनं, स्वतःच्या खिशातून. मग गाडीचं मालकीपत्र, वर्षभराची नोंदणी, वर्षभराचा विमा, मायलेजची सरकारी नोंद, विक्रीचा करार, हे सगळं स्कॅन करून संगणकावर चढवायचं आणि सरकारी पैशाची वाट बघायची. बेताचे अर्ज येतील असं धरून उभी केलेली यंत्रणा प्रत्यक्षातल्या रेट्याखाली बसली. विम्याच्या कागदात एक महिना कमी दिसला तरी अर्ज परत. वीस गाड्या विकलेल्या छोट्या डीलरचे सरासरी ४,००० डॉलरप्रमाणे ८०,००० डॉलर अडकले, आणि शोरूममधल्या गाड्यांवर घेतलेल्या कर्जाचं व्याज रोज चालूच. कित्येक डीलरनी योजना चालू असतानाच नवे सौदे घेणं थांबवलं. भंगाराची अंदाजे किंमत डीलरनं ग्राहकाला सांगायची आणि त्यातले फक्त ५० डॉलर कागदपत्रांच्या खर्चासाठी ठेवायचे, असाही नियम होता. इंजिन मारलेली गाडी १८० दिवसांच्या आत चिरडली किंवा श्रेडरमध्ये गेली पाहिजे. तोवर दारं, सीट, काचा, टायर काढून विकायला मुभा होती, इंजिनाला नव्हती. जुने पार्ट विकणाऱ्याचा मोठा पैसा इंजिनातच असतो, त्यामुळे स्क्रॅपवाल्यांतही अशी गाडी घ्यायला फारसा उत्साह नव्हता.

एक अब्ज डॉलरची पहिली रक्कम आठवड्याभरात संपली. काँग्रेसनं घाईनं आणखी दोन अब्ज दिले, आणि ते आणले अक्षय ऊर्जेच्या कर्जहमीसाठी ठेवलेल्या निधीतून. पर्यावरणाच्या नावानं चाललेल्या योजनेला पैसा पुरवण्यासाठी अक्षय ऊर्जेचा निधी काढला गेला, याहून स्पष्ट पुरावा मला सापडलेला नाही. २४ ऑगस्टला योजना बंद झाली. दिलेल्या गाड्यांचं सरासरी मायलेज १५.८ मैल होतं, घेतलेल्यांचं २४.९. हा फरक खराच चांगला आहे आणि तो नाकारायचं कारण नाही. विकलेल्या गाड्यांत टोयोटाचा वाटा १९.४ टक्के, जनरल मोटर्सचा १७.६, फोर्डचा १४.४.

मग फायदा किती? अतिफ मियाँ आणि अमीर सूफी या अर्थशास्त्रज्ञांनी खटारा गाड्या जास्त असलेली शहरं आणि कमी असलेली शहरं यांची तुलना केली. जुलै-ऑगस्टमध्ये सुमारे ३ लाख ७० हजार गाड्या जास्त विकल्या गेल्या होत्या, पण मार्च २०१० पर्यंत तेवढीच विक्री घटली होती. लोकांनी सहा-आठ महिन्यांनी घ्यायची गाडी सवलतीसाठी आत्ता घेतली, एवढंच घडलं. दुसऱ्या एका अभ्यासात टेक्सासमधल्या कुटुंबांची तुलना झाली: ज्यांची जुनी गाडी १८ मैलांच्या रेषेच्या जरा खाली होती ती, आणि जरा वर होती ती. सवलत मिळालेल्यांनी मायलेजची अट पूर्ण करायला लहान आणि स्वस्त गाड्या घेतल्या, त्यामुळे काही महिन्यांचा हिशेब धरला तर नव्या गाड्यांवरचा एकूण खर्च उलट कमी झाला. यातली अडचण धोरण आखणाऱ्यांनी नीट समजून घ्यायला हवी. मायलेजची अट कडक केली की उद्योगाची उलाढाल घटते, सैल केली की पर्यावरणाचा फायदा जातो. एकाच रुपयानं दोन्ही कामं होत नाहीत, आणि भाषणात मात्र दोन्हींचं श्रेय घेतलं जातं.

सगळ्यात मोठा तोटा ज्याला झाला, त्याला कुणी विचारलं नाही. ४,५०० डॉलरपेक्षा जास्त किमतीची गाडी कुणी चिरडायला देत नाही, म्हणजे गेल्या त्या सगळ्या हजार ते चार हजार डॉलरच्या चालत्या गाड्या. नेमक्या याच गाड्या कमी पगाराचा कामगार विकत घेतो. नवी गाडी घेण्याची ऐपत असलेल्याला अनुदान मिळालं, आणि जुनी घेणाऱ्यासाठी बाजारातला माल कमी झाला.

जर्मनीत हाच प्रयोग त्याच वर्षी झाला, आणि तारखांच्या बाबतीत तो जास्त बोलका आहे. जानेवारी २००९ पासून नऊ वर्षं किंवा जास्त जुनी गाडी मोडीत काढून नवी, किंवा जेमतेम वर्षभर वापरलेली गाडी घेतली की २,५०० युरो. सरकारी नाव ‘पर्यावरण प्रीमियम’. नव्या गाडीला युरो ४ या प्रदूषण मानकाची अट होती, जी तेव्हाची कुठलीही नवी गाडी पूर्ण करायचीच. मायलेजची किंवा कार्बन उत्सर्जनाची अट एकही नव्हती. लोकांनी ते नाव बाजूला सारून तिला ‘आबव्राकप्रेमी’, म्हणजे मोडीची बक्षिसी म्हणायला सुरुवात केली, आणि तो शब्द जर्मन भाषेचा त्या वर्षीचा शब्द ठरला.

सुरुवातीला दीड अब्ज युरो ठेवले होते, ते वाढवून पाच अब्ज केले. जवळपास वीस लाख गाड्या. पैसे संपले २ सप्टेंबरला, आणि संसदेची निवडणूक होती २७ सप्टेंबरला. चॅन्सेलर अंगेला मर्केल आणि त्यांच्याविरुद्ध उभे असलेले परराष्ट्रमंत्री फ्रांक-वाल्टर श्टाइनमायर, दोघंही एकाच संयुक्त मंत्रिमंडळात होते. त्यामुळे निधी वाढवायला विरोध करून वीस लाख कुटुंबांचा रोष ओढवून घेण्यात दोन्ही मोठ्या पक्षांना काहीच लाभ नव्हता. २००९ मध्ये जर्मनीत ३८ लाख नव्या गाड्यांची नोंदणी झाली, २०१० मध्ये २९ लाखांची. उसळी निवडणुकीआधी, घसरण निवडणुकीनंतर. शिवाय प्रीमियम घेतलेल्या काही जुन्या गाड्या मोडल्या न जाता परदेशात विकल्या गेल्याचं उघड झालं. इंजिन मारायची सक्ती तिथं नव्हती. अमेरिकेची सिलिकेटची कृती क्रूर वाटते, पण ती नसली की काय होतं त्याचं उत्तर हे आहे.

फ्रान्समध्ये तर १९९४ च्या योजनेला पंतप्रधान एदुआर बालादूर यांच्यावरून ‘बालाद्युरेत’ हे नाव पडलं आणि १९९५ च्या योजनेला आलँ ज्युपे यांच्यावरून ‘ज्युपेत’. पहिली होती दहा वर्षांवरच्या गाडीला ५,००० फ्रँक. बालादूर १९९५ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उमेदवार होते आणि पहिल्याच फेरीत हरले. दुसरी योजना संपल्यावर १९९७ मध्ये तिथला बाजार जोरात आपटला.

आता आपल्याकडे. भारताचं स्क्रॅपिंग धोरण २०२१ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालं, १८ मार्चला नितीन गडकरींनी ते लोकसभेत मांडलं आणि १३ ऑगस्टला पंतप्रधानांनी त्याचं उद्‌घाटन केलं. नागपूरच्या खासदाराचं हे धोरण, म्हणून महाराष्ट्रात त्याची चर्चा जास्त झाली. याची रचना अमेरिका-जर्मनीहून अगदी वेगळी आहे. इथं केंद्र सरकार ग्राहकाला रोख एक पैसाही देत नाही. भंगाराची किंमत देतं स्क्रॅप केंद्र. रोड टॅक्समधली सूट देतं राज्य: केंद्राच्या नियमानं खासगी गाडीला कमाल २५ टक्के, व्यावसायिक गाडीला कमाल १५ टक्के. ‘कमाल’ हा शब्द लक्षात ठेवा, प्रत्यक्ष दर प्रत्येक राज्य आपला ठरवतं. गाडी कंपनीनं ५ टक्के सूट द्यावी अशी सूचना होती. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपन्यांनी मान्य केलं ते खासगी गाडीला किमतीच्या १.५ टक्के किंवा २०,००० रुपये, यातलं जे कमी असेल ते, आणि तेही मुदतबंद.

८ लाख एक्स-शोरूम किमतीच्या लहान पेट्रोल गाडीवर हे मांडून बघा. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावर घेतली तर रोड टॅक्स ११ टक्के, म्हणजे ८८,००० रुपये. त्यात दर १० टक्के सुटीला तुमचे ८,८०० वाचतात, आणि पूर्ण २५ टक्के मिळाले तरी २२,०००. कंपनीची सूट चालू असेल तर १२,०००. नोंदणी शुल्क माफ, ते ६००. जुन्या गाडीची भंगार किंमत नव्या गाडीच्या ४ ते ६ टक्के मिळेल असं धोरण सांगतं, म्हणजे ३२ ते ४८ हजार. प्रत्यक्षात स्क्रॅप केंद्रात गाडी काट्यावर जाते आणि भाव किलोवर ठरतो. ८५० किलोची गाडी आणि किलोला २५ रुपये धरले, तर २१,२५० होतात. त्यातून बॅटरी नाही, अलॉय चाकं बदललेली आहेत, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आधीच कुणी काढून नेलाय, असं म्हणत वजावट सुरू होते.

आता त्याच गाडीतला जीएसटी बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवर १८ टक्के आहे, म्हणजे ८ लाखांत सुमारे १ लाख २२ हजार. निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. केंद्राला प्रत्येक नव्या गाडीमागे ६१ हजार मिळतात आणि सवलतीत त्याचा वाटा शून्य. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणं म्हणतात ते हेच. राज्यांनी उत्साह दाखवावा म्हणून केंद्रानं भांडवली खर्चासाठीच्या ५० वर्षांच्या बिनव्याजी कर्जाचा काही भाग स्क्रॅपिंगच्या कामाशी जोडला. पण कर्ज ते कर्ज, आणि रोड टॅक्स हे राज्याच्या हातात उरलेल्या मोजक्या करांपैकी एक. म्हणून राज्यं हात आखडता घेतात आणि नागरिकाला वाटतं की केंद्रानं दिलेली सूट राज्यानं अडवली.

हेतू लपवलेला नाही, हे गडकरींच्या बाजूनं सांगायला हवं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की ९७ लाख निकामी वाहनं मोडीत निघाली तर ४०,००० कोटींचा जीएसटी मिळेल. त्याच वेळी दिलेला दुसरा आकडा जास्त सांगून जातो: ऑगस्टपर्यंत मोडीत निघालेली वाहनं सुमारे ३ लाख, आणि त्यातली १ लाख ४१ हजार सरकारी. सरकारी वाहनांची १५ वर्षांनंतर नोंदणी होणारच नाही, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, त्यामुळे ती येणारच होती. खासगी मालक मात्र फारसा आलेला नाही, आणि वरच्या हिशेबात त्याचं कारण आहे. पासिंग चालू असलेली पंधरा वर्षांची हॅचबॅक गावाकडे किंवा ड्रायव्हिंग स्कूलला विकली तर भंगारापेक्षा सहज जास्त मिळतात. नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून कारला ६०० वरून ५,००० रुपये झालं, २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारला १०,०००. ऐकायला मोठं वाटतं, पण नूतनीकरण पाच वर्षांचं असतं. ५,००० म्हणजे महिन्याला ८३ रुपये. एवढ्यासाठी कुणी चालती गाडी मोडत नाही.

बक्षीस लहान आणि दंडुका मोठा, असं धोरण राजकारण्याला झेपत नाही. त्याचा दाखला दिल्लीत मिळाला. १० वर्षांवरचं डिझेल आणि १५ वर्षांवरचं पेट्रोल वाहन राजधानी क्षेत्रात चालवू नये, हा हरित लवादाचा आदेश सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये उचलून धरला. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना दिल्लीत पंपावर इंधन नाकारायला सुरुवात झाली, नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे बसवले गेले. तीन दिवसांत दिल्ली सरकारनंच ते थांबवा म्हणून पत्र लिहिलं. १२ ऑगस्टला कोर्टानं कारवाईला मनाई केली, आणि डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ (भारत स्टेज ४) या प्रदूषण मानकाच्या आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. जर्मनीतल्या वीस लाख कुटुंबांना पैसे मिळाले होते, दिल्लीतल्या लाखो मालकांची गाडी जाणार होती. मंत्र्यांनी दोन्हीकडे डोकी मोजली. अवजड वाहनांना स्वयंचलित केंद्रातच फिटनेस तपासणी सक्तीची करायची तारीखही १ एप्रिल २०२३ वरून १ ऑक्टोबर २०२४ वर गेली. केंद्रं पुरेशी उभी नव्हती हे कारण खरं होतं. पण लोकसभेची निवडणूक मध्ये येऊन गेली, हेही खरं.

यातून बदल हवा असेल तर माझ्या मते जोर वयावरून काढून तपासणीवर टाकायला हवा. नीट राखलेली १८ वर्षांची पेट्रोल गाडी महिन्याला दोनशे किलोमीटर चालते, आणि धूर ओकणारा नऊ वर्षांचा टेम्पो रोज दोनशे. दोघांना वयावरून तोलणं हा अन्याय आहे. पैसा द्यायचाच असेल तर तो व्यावसायिक वाहनाच्या छोट्या मालकाला द्यावा, कारण त्याची गाडी सगळ्यात जास्त चालते आणि त्यालाच नवी परवडत नाही. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या नव्या पर्यावरण नियमांत गाडी कंपन्यांवर ठरावीक प्रमाणात जुन्या गाड्यांतलं पोलाद परत मिळवण्याची जबाबदारी आली आहे. त्यासाठी त्यांना सरकारमान्य स्क्रॅप केंद्रांकडून प्रमाणपत्रं घ्यावी लागतात. हा मार्ग मला जास्त आशेचा वाटतो. त्यातून मोडीला भाव येतो आणि तो निवडणुकीच्या तारखेवर अवलंबून राहत नाही.

तोवर ज्यांची गाडी खरोखरच मोडीला आली आहे, त्यांनी पुढचं नीट वाचावं. चौकातल्या भंगारवाल्याला गाडी देऊ नका, तो दोन-तीन हजार जास्त देत असला तरी. त्याच्याकडे गाडी कटली तरी परिवहनच्या ‘वाहन’ प्रणालीत ती तुमच्याच नावावर जिवंत राहते. तिचा चासी नंबर दुसऱ्या, चोरीच्या गाडीवर चढला तर पोलीस तुमच्या दारात येतात. शिवाय सवलतीचं प्रमाणपत्र मिळत नाही ते नाहीच.

सरकारमान्य केंद्र कुठल्याही राज्यातलं चालतं, गाडी एमएच पासिंगची असली तरी. जाण्याआधी तीन गोष्टी साफ करा. बँकेचा बोजा: कर्ज फिटून दहा वर्षं झाली तरी आरसीवर हायपोथिकेशन राहिलेलं असतं. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन ते आधी उतरवा, इथंच सगळ्यात जास्त अर्ज अडतात. थकीत ई-चलान आणि कर भरून टाका. आणि आरसीवरचं नाव: वडिलांच्या नावावरची गाडी ते गेल्यावर तशीच राहिली असेल, तर वारसाच्या हक्काचे कागद आधी करा. केंद्र गाडी घेण्यापूर्वी चोरीच्या वाहनांची नोंद आणि ‘वाहन’वरची स्थिती तपासतं, गाडी काळ्या यादीत असेल तर परत पाठवतं.

सोबत मूळ आरसी, पॅन, ओळखपत्र आणि रद्द केलेला चेक ठेवा. वजन तुमच्यासमोर करून घ्या आणि वजावटींसह दर लेखी मागा. फास्टॅग काढून त्याचं खातं बंद करा, विमा कंपनीला कळवून ‘नो क्लेम बोनस’ नव्या गाडीसाठी राखून ठेवायचं पत्र घ्या. सीएनजी किट असेल तर टाकीचे कागद द्या. टाकी, एअरबॅग, एसीचा वायू, बॅटरी आणि सगळी तेलं आधी वेगळी काढणं केंद्रावर बंधनकारक आहे.

गाडी ताब्यात देताना मिळतं ते ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’. नव्या गाडीच्या टॅक्सवरची सूट याच कागदावर मिळते. लगेच नवी घ्यायची नसेल तर ते दुसऱ्याच्या नावावर करता येतं, पण त्यावरची वैधतेची तारीख बघून ठेवा. गाडी प्रत्यक्ष कापल्यावर दुसरा कागद येतो, वाहन मोडीत काढल्याचा. चासी नंबर असलेला कापलेला तुकडा केंद्रानं सहा महिने जपून ठेवायचा असतो. पहिला कागद हातात आला की लोक दुसरा मागायला विसरतात. तो मागून घ्या, आणि नंतर ‘वाहन’वर आपला नंबर टाकून नोंदणी रद्द झालेली दिसते का ते स्वतः बघा. दिसत नसेल तर दोन्ही कागदांच्या प्रती जोडून आरटीओत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.